घराच्या नावावरचे तास

तीन वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला दोनशे पानी वही पडलेली असायची. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची, सांगलीहून आणलेली. शेजारी पेन आणि पेनाला दोरी, कारण आमच्या मराठी मंडळातले लोक पेन खिशात घालून घरी नेतात. ईडन प्रेरीतल्या आमच्या घरी दर शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास पाच-सहा जण यायचे, आज कोणाला कुठे न्यायचं ते माझ्याकडून लिहून घ्यायचे, काम करून परत आले की वहीत नोंद करायचे आणि जायचे. चहा मी देत नसे. दिला असता तर शनिवार तिथेच संपला असता.

या कामाला आम्ही 'शनिवारची गाडी' म्हणायचो. मुलांकडे राहायला आलेले आई-वडील आमच्या भागात बरेच होते. त्यांना गाडी चालवता येत नाही, बस घराजवळून जात नाही, आणि मिनेसोटाचा हिवाळा पाच महिने हलत नाही. मुलगा-सून आठवडाभर ऑफिसात. शनिवारी नातवंडांना सॉकरला, पोहायला, पियानोला नेण्यात दिवस जातो. म्हातारी माणसं खिडकीशी बसून राहतात. त्यांना क्लिनिकमध्ये, औषधांच्या दुकानात, वाचनालयात, देवळात नेऊन आणायचं, आणि बर्फ पडला असेल तर त्यांच्या दारातल्या पायऱ्या साफ करायच्या, एवढंच काम. मी ते २००३ च्या शरद ऋतूत सुरू केलं, कारण एक आजी बारा दिवस रक्तदाबाच्या गोळ्यांशिवाय राहिल्या होत्या. सुनेला सांगायचा त्यांना संकोच वाटला होता.

वहीत पाच रकाने होते. तारीख, कुटुंब, माणसं किती, तास किती, काम काय.

रकाना कुटुंबाचा होता, माणसाचा नव्हता, आणि तो मीच आखला होता. त्याला कारण होतं. त्याआधी एका दिवाळीला मंडळानं फराळाच्या कामाचे आभार मानताना नवरा-बायकोची नावं वेगवेगळी वाचली. तेव्हा एका बाईंनी भर सभेत विचारलं की मी चार तास कढईपुढे उभी होते आणि आमचे हे चार तास दारात उभे होते, ते दोन्ही चार तास सारखेच का? त्यावरून वाद पेटला. तेव्हापासून मंडळात सगळं कुटुंबाच्या नावावर. वर्गणी कुटुंबाची, आभार कुटुंबाचे, फोटो कुटुंबाचा. मीही तेच उचललं. एक आडनाव, एक ओळ, भांडण नाही.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होते. ज्यानं चाचणी केली त्यानंच स्वतःचं नाव, तारीख आणि वेळ लिहिली आहे की नाही हे बघणं हेच माझं दिवसभराचं काम. एकानं दुसऱ्याच्या ऐवजी सही केलेली सापडली तर मी सगळा माल परत पाठवत असे, आणि कोणाचं रडगाणं ऐकून घेत नसे. तीच मी घरी अशी वही चालवत होते की ज्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. ही विसंगती तीन वर्षं माझ्या लक्षात आली नाही. ऑफिसचं ते ऑफिसचं आणि मंडळाचं ते घरचं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मंडळातले सगळ्यात जुने काका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आलेले. इंजिनियर, मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, आता निवृत्त, एका गुडघ्यानं हैराण. त्यांच्याकडे मोठी व्हॅन होती. २००३ मध्ये मी त्यांच्याकडे शनिवारसाठी व्हॅन मागितली. व्हॅन आली, आणि ती चालवत त्यांची धाकटी मुलगी आली.

ही मुलगी इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून आमच्या राज्याच्या राखीव सैन्यात भरती झाली होती. इथे सगळे त्याला गार्ड म्हणतात. महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल, उन्हाळ्यात सलग दोन आठवडे, आणि बोलावलं की जायचं. तिथे तिचं काम जखमींवर उपचार करण्याचं. इतर दिवस ती अँब्युलन्सवर नोकरी करायची. भरती झाली तेव्हा वीस वर्षांची होती, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. काकांना तिनं सगळे कागद भरून झाल्यावर सांगितलं. त्यानंतर घरात भांडण झालं नाही, बोलणंच कमी झालं. मुलीबद्दल कोणी विचारलं की काका म्हणायचे, मेडिकल लाइनमध्ये आहे. ते खोटं नव्हतं.

कामाला ती चांगली होती. चांगली म्हणजे वेळेवर यायची आणि गप्पा मारत नव्हती. व्हॅनची पायरी उंच, म्हणून आज्यांसाठी स्वयंपाकघरातलं दोन पायऱ्यांचं स्टूल गाडीत टाकून आणायची. औषधांच्या बाटल्यांवरची नावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी स्वतः ताडून बघायची. नागपूरच्या एक आजी होत्या, त्या तिच्याशिवाय कोणाच्या गाडीत बसायला तयार नसत. बाकीचे लोक गाडी चालवताना मोबाइलवर बोलतात आणि वळणावर जोरात वळतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. परत आल्यावर ती वहीत सगळ्यांसारखंच लिहायची. आडनाव, एक, साडेतीन तास, क्लिनिक आणि औषधं.

गणेशोत्सवात मंडळ सर्वाधिक तास काम केलेल्या कुटुंबाचा सत्कार करत असे. २००५ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये तो मान काकांच्या घराला मिळाला. शाल, श्रीफळ आणि काचेचं मानचिन्ह. माइकवर आडनाव मीच पुकारलं. काका दोन्ही वेळा कठडा धरत मंचावर चढले, शाल घेतली आणि म्हणाले की हे माझं एकट्याचं नाही, आमच्या घराचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या वर्षी मुलगी ड्रिलला होती. दुसऱ्या वर्षी ती हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात पानं लावत होती. फोटो मंडळाच्या वेबसाइटवर लागले. कोणाला काही खटकलं नाही, मलाही नाही.

त्या नोव्हेंबरमध्ये ती एका शनिवारी नोंद करून झाल्यावर गेली नाही. बूट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, एक लेटर लागेल. युनिटला द्यायला."

मग तिनं समजावून सांगितलं. सैन्यातल्या माणसानं स्वतःच्या वेळेत, कोणी हुकूम न देता, बरीच वर्षं सातत्यानं नागरी समाजासाठी काम केलं असेल तर त्यासाठी एक पदक असतं. रोज कोणी पदक लटकवून फिरत नाही, त्याऐवजी गणवेशावर छातीशी त्याची रिबन लावतात. कापडाची पट्टी, अंगठ्याच्या पेराएवढी. शिफारस वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, पण कामाचा पुरावा संस्थेनं द्यायचा असतो. कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, किती तास, मोबदला घेतला नाही, आणि या सगळ्याच्या नोंदी आहेत असं.

मी विचारलं, रिबननं काय होतं? मला शोभेच्या गोष्टींचं कौतुक नाही, आणि तिलाही नव्हतं. ती म्हणाली की पॉइंट्स मिळतात, प्रमोशनला. सार्जंटच्या यादीला तिला थोडे कमी पडत होते. तिचं युनिट वसंत ऋतूत परदेशी जायचं होतं. त्याआधी यादीत नाव लागलं तर उपचार करणाऱ्या चौघांची तुकडी तिच्या हाताखाली येणार होती. नाही लागलं तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली जाणार होती, आणि तो दुसरा कोण हेही तिला माहीत होतं. त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणाली की तो घाई करतो. कागद डिसेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचे होते.

मी म्हटलं, उद्या येऊन घेऊन जा.

दुपारी पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन वही उघडली. काकांचं आडनाव, माणसं एक. आडनाव, एक. आडनाव, एक. मधेच एकदा दोन. तीन वर्षांची बेरीज चारशे एकतीस तास आली. तो 'एक' कोण, हे वहीत कुठेही नव्हतं. अक्षरावरूनही कळेना, कारण घाई असली की कोणीही कोणाची ओळ भरायचं.

मला माहीत होतं ती कोण ते. पण 'मला माहीत आहे' हे वाक्य ऑफिसात माझ्या टेबलावर रोज चार माणसं ठेवतात आणि मी ते परत करते. शिवाय प्रत्येक शनिवारी मी घरी असेच असं नव्हतं. कधी मीही गाडी घेऊन जात असे आणि टेबलाशी माझा नवरा बसलेला असे. त्याला विचारलं की काकांकडून कोण यायचं, तर तो म्हणाला, "त्यांच्याकडचं कोणीतरी असायचं की."

मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं तर अध्यक्षांची सही हवी. त्या वर्षीचे अध्यक्ष पुण्याचे, आयटीतले मॅनेजर, सावध माणूस. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ते तास आपण काकांना देऊन बसलोय. फोटो वेबसाइटवर आहे. उद्या तिच्या ऑफिसरनं बघितला तर तो म्हणेल, हे तास बापाचे की मुलीचे? दोघांना कसे देणार?"

मी म्हटलं की फोटो काढून टाका. ते म्हणाले, ते तर जास्तच वाईट दिसेल. मग म्हणाले की काकांनी लिहून दिलं की तास मुलीचे आहेत, तर पत्र मी त्याच दिवशी देतो. "पण काकांना तुम्ही विचारा. मी नाही विचारणार, प्लीज."

अर्धा तास मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

रविवारी ती पत्र न्यायला आली तेव्हा तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं वहीचं उघडं पान वाचलं. मग म्हणाली, "ही वोन्ट साइन. राहू दे मावशी, इट्स फाइन."

मी म्हटलं, राहू द्यायचं की नाही ते मी बघते.

"नाही, सीरियसली. त्यांना विचारू नका. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे काही मागितलेलं नाही. आता हे मागायचं नाहीये मला."

तिचं म्हणणं मला समजलं, पण ऐकलं नाही. तिनं मागण्याचा प्रश्नच नव्हता. वही माझी होती, चूक माझी होती, त्यामुळे मागायचं मीच होतं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वही पिशवीत टाकून काकांच्या घरी गेले. ती तेव्हा अँब्युलन्सच्या ड्यूटीवर आहे हे आधी विचारून घेतलं होतं.

काका खुर्चीत पाय वर करून बसले होते. काकूंनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोलले नाही. रिबन काय आहे, पॉइंट्स कशाला लागतात, वहीत काय चुकलं आणि अध्यक्ष काय म्हणाले, ते क्रमानं सांगितलं.

काका म्हणाले, "एका घरातलं काम. तिचं काय आणि माझं काय?"

"मग तिच्या नावावर लिहून द्यायला हरकत नसावी."

"हरकत आहे." त्यांनी पाय खाली घेतला. ते म्हणाले की पस्तीस वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन इथे आलो तो मुलीला लढाईवर पाठवायला नाही. सैन्याच्या कुठल्याही कागदावर माझी सही नको.

मी म्हटलं, ती जाणारच आहे. रिबन मिळाली तरी आणि नाही मिळाली तरी. फरक इतकाच की चार माणसं तिच्या हाताखाली असतील, की ती एखाद्या घाई करणाऱ्याच्या हाताखाली असेल.

बाहेर शेजाऱ्याचं बर्फ उडवायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. मग काका म्हणाले, "भरती होताना तिला माझी सही लागली नाही. आता लागते?"

"आता लागते."

"का?"

"कारण वही मी चुकीची आखली," मी म्हटलं, "आणि शाल तुम्ही घेतलीत."

काकू चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. वाक्य जरा धारदार होतं, पण चुकीचं नव्हतं, म्हणून मी ते मागे घेतलं नाही. काकूंनी ट्रे ठेवला आणि त्या तशाच आत निघून गेल्या. मला वाटलं त्या रागावल्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरांची गुंडाळी होती, रबर लावलेली. चार वर्षांची चार. त्या घरात काही टाकत नाहीत. काकूंनी गुंडाळी उलगडून ट्रेशेजारी पसरली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. एकादशी, चतुर्थी, दाढेची अपॉइंटमेंट यांच्यामध्ये शनिवारच्या चौकोनांत पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'गाडी नाही, धाकटी'. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. शनिवारी व्हॅन घरी नसायची म्हणून त्या दिवशी वाणसामान आणायचं किंवा कोणाकडे हळदीकुंकवाला जायचं ठरवू नये, यासाठी त्या लिहून ठेवत होत्या. तीन-चार ठिकाणी वेगळं होतं. तिथे लिहिलं होतं, 'गाडी नाही, हे गेले'.

मी चहा तसाच ठेवला. त्याच दिवशी, एकाच हातानं, कोणाला दाखवायचा उद्देश नसताना केलेली नोंद. असा पुरावा मला ऑफिसात वर्षातून एकदासुद्धा मिळत नाही.

काकूंना मी विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "कोणी विचारलं?"

काकांनी पहिलं कॅलेंडर ओढून घेतलं. चष्मा लावला. पानं उलटली. मग म्हणाले, "तुमची वही आणली आहे का?"

जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोन तास बसलो. ते कॅलेंडरातला शनिवार वाचायचे, मी वहीतली ओळ वाचायचे, जुळली की ते पिवळ्या पॅडवर खूण करायचे. मी ऑफिसात तपासते त्यापेक्षा त्यांची तपासणी कडक होती. तेरा मार्चला ते थांबले. "हा माझा. वाचनालयापाशी गाडी बर्फात रुतली होती. तिघांनी ढकलली." तो शनिवार त्यांनी स्वतःच्या नावावर वेगळा काढला. असे तीन निघाले. एका शनिवारी दोघं गेले होते, त्याचे तास अर्धे-अर्धे केले. सगळे मिळून त्यांचे अकरा तास झाले.

दोन शनिवार असे होते की वहीत नोंद होती आणि कॅलेंडरचा चौकोन रिकामा. मी म्हटलं, काकू लिहायला विसरल्या असतील, तीच गेली असणार. काका म्हणाले, "लिहिलेलं नाही ते धरायचं नाही." हे त्यांनी मला सांगितलं. मी ते सहा तास गाळले.

अठरा फेब्रुवारीपाशी त्यांनी विचारलं, "या दिवशी फार थंडी होती ना?"

होती. इंजिनं गोठली होती, माझी स्वतःची गाडी सुरू झाली नव्हती आणि त्या शनिवारी एकच गाडी निघाली होती. मी तसं सांगितलं.

"मग व्हॅन कशी सुरू झाली?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळीच इंजिन गरम ठेवायच्या हीटरची वायर लावून ठेवली होती तिनं. तुम्ही अडखळलात आणि विचारलंत की ही वायर कोणी आडवी टाकली."

काकांनी खूण केली आणि पुढचा शनिवार वाचला. पण त्यानंतर ते तारखा जरा सावकाश वाचू लागले. चौथं कॅलेंडर संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

शेवटी बेरीज दोनदा केली. चारशे एकतीसमधून अकरा आणि सहा वजा, म्हणजे चारशे चौदा. काकांनी पॅडचं नवं पान घेतलं आणि ड्रॉइंगवर लिहितात तसल्या सुट्या, उभ्या इंग्रजी अक्षरांत पत्र लिहिलं. मी वाचू का म्हणून विचारलं नाही, त्यांनीच माझ्याकडे सरकवलं. त्यात तीन वाक्यं होती. माझ्या कुटुंबाच्या नावावर नोंदलेल्या आणि तपासलेल्या तासांपैकी अकरा तास माझे आहेत. उरलेले चारशे चौदा तास माझ्या मुलीचे आहेत. मंडळानं दोन वर्षं माझा जो सत्कार केला, तो प्रामुख्यानं तिच्या तासांसाठी होता.

मी म्हटलं, तिसऱ्या वाक्याची गरज नाही, पहिल्या दोनांत काम होतं.

"फॅक्ट आहे," काका म्हणाले, आणि सही केली. तारीख घातली. वेळसुद्धा घातली.

मुलीला काही सांगायचंय का, असं मी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं. मी निघताना काकूंनी कॅलेंडरं पुन्हा गुंडाळून रबर लावलं आणि चालू वर्षाचं परत खिळ्याला टांगलं.

अध्यक्षांनी शब्द पाळला, त्याच दिवशी पत्र दिलं. मी दोन्ही पत्रं एका लिफाफ्यात घालून ठेवली. मुलगी बुधवारी ड्यूटीवर जाता जाता आली, दारातच उभ्यानं दोन्ही वाचली. वडिलांचं दोनदा वाचलं.

"हे बाबांनी लिहिलं?"

"हो."

"इलेव्हन आवर्स?"

"अकरा. एक-एक मोजून."

"त्यातले दोन तास तर गाडी रुतलेली होती," ती म्हणाली आणि हसली. मग पत्र आणखी न दुमडता फाइलमध्ये ठेवलं, नाक पुसलं आणि गेली. बाहेर उणे दहा होतं, तेव्हा नाक सगळ्यांचंच वाहत होतं.

कागद वेळेत पोचले. फेब्रुवारीत रिबन मंजूर झाली आणि मार्चमध्ये यादीत तिचं नाव लागलं. समारंभ वगैरे झाला नाही. सकाळच्या हजेरीला वरच्या अधिकाऱ्यानं दोन वाक्यं वाचली आणि हातात डबी दिली, एवढंच, असं तिनं सांगितलं. आमच्या मंडळात त्यासाठी तीन भाषणं झाली असती.

मी ती रिबन एकदाच पाहिली. युनिटच्या निरोपाच्या कार्यक्रमाहून परतताना ती पूर्ण गणवेशात माझ्याकडे स्टूल द्यायला आली. आता जो कोणी आज्यांना नेईल त्याला लागेल, म्हणाली. छातीवर दोन ओळींत पाच पट्ट्या होत्या. यातली कोणती, असं मी विचारलं. तिनं एकीवर बोट ठेवलं. निळी, मध्ये हिरव्या-पिवळ्या बारीक रेघा. माझ्या अपेक्षेपेक्षा लहान होती.

ती म्हणाली, "बाबांनी पण सकाळी हेच विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, सरळ लागलेली नाही. मग त्यांनी सगळ्या पट्ट्यांची रॅक काढून परत लावली. स्केल घेऊन."

एप्रिलमध्ये युनिट गेलं. त्याआधीच मी नवी वही सुरू केली होती. या वेळी इथल्याच दुकानातली, आणि पहिला रकाना नावाचा. संपूर्ण नाव, ज्याचं त्यानं लिहायचं. मंडळात थोडी कुरकुर झाली. एका काकूंनी विचारलं की आता आमच्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे, नोंद नाही. जुन्या वहीतल्या बाकीच्या कुटुंबांचे तास मी तसेच ठेवले. त्यांच्यापैकी कोणाला रिबन नको होती, आणि कोणाच्या घरी काकूंसारखी कॅलेंडरं असतील असंही वाटलं नाही.

दर शनिवारचं पान मी आदल्या संध्याकाळी आखून ठेवायची. उजवीकडे कोणाला कुठे न्यायचं ते, डावीकडे नावाची जागा; तिथे जो जाणार त्याचं नाव मी पेन्सिलनं टिपून ठेवायची, काम झाल्यावर तो स्वतः पेननं लिहायचा. ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी चौथ्या ओळीत नागपूरच्या आजींचं क्लिनिक होतं. नावाच्या जागी कोणी नव्हतं. आजींनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की ती नसेल तर मी पुढच्या महिन्यात जाईन.

नऊ वाजता व्हॅन दारात येऊन थांबली. काका उतरले, गुडघ्याला पट्टा बांधलेला. आत आले, वही फिरवून स्वतःकडे घेतली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही रिकामी का?"

मी सांगितलं की आजी यायला तयार नाहीत. ओळीवर रेघ मारून बाजूला सही करणार आहे. रिकामी ओळ आम्ही ठेवत नाही.

काकांनी दोरीचं पेन उचललं आणि त्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पहिलं, वडिलांचं, आडनाव, सगळं, त्या सुट्या उभ्या अक्षरांत. नाव पुढच्या रकान्यात गेलं. मी म्हटलं, काका, काम झाल्यावर लिहायचं, आधी नाही. ते म्हणाले, "आता लिहून झालं," आणि स्टूल कुठे आहे ते विचारलं.

साडेबाराला परत आले. आजी क्लिनिकला गेल्या होत्या, औषधंही आणली होती. तासांच्या जागी काकांनी साडेतीन लिहिलं. मग पेन खाली ठेवत म्हणाले, "आजी सबंध रस्ताभर सांगत होत्या की मुलगी ब्रेक हळू दाबते."

"दाबते खरी."

"पुढच्या शनिवारी त्यांना कुठे जायचंय?"

मी वहीत बघून सांगितलं.